पैसा कुठल्या महिन्यात हवा? गुहागरकडच्या एका फ्रीलान्स डिझायनरचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे घर गुहागर तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका वाडीत आहे. नाव-गाव गाळलं आहे आणि रकमा गोल केल्या आहेत. घडलं त्याचा क्रम बदललेला नाही. मी चिपळूणला लहान व्यावसायिकांचे हिशेब आणि विवरणपत्रं बघतो. त्यामुळे या घरचे कागद माझ्याकडे येत गेले आणि काही निर्णयांच्या वेळी मी समोर बसलेलो होतो.

घरातला कर्ता मुलगा ग्राफिक डिझायनर. पुण्यात बरीच वर्षं नोकरी केली, २०२० च्या टाळेबंदीत गावी आला तो परत गेला नाही. पुस्तकांची मांडणी, मुखपृष्ठं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका अशी कामं तो घरून करतो. बायको तालुक्याच्या शाळेत कंत्राटी शिक्षिका, मुलगा पाचवीत, आई पासष्टीच्या पुढची. चिऱ्यांचं कौलारू घर, गुरं विकल्यापासून रिकामा पडलेला गोठा, विहीर, थोडी माड-पोफळीची वाडी आणि वरच्या अंगाला वडिलांनी लावलेली पंचेचाळीस हापूस कलमं. सातबारावर वडिलांच्या जागी त्याचं आणि आईचं नाव लागलं आहे. शिवाय दोन काकांचीही नावं आहेत, थोरले डोंबिवलीला आणि धाकटे बोरिवलीला. काकांची ही नोंद पुढे बरीच नडली.

अडचण

वर्षाची कमाई साडेपाच-सहा लाखांच्या घरात. गावात राहून हा आकडा वाईट नाही. गोम होती ती महिन्यांची.

लग्नपत्रिकांचं काम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतं आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की बंद पडतं. दिवाळी अंकांचं काम जुलै ते ऑक्टोबर, पण पैसे जाहिरातींची वसुली झाल्यावर, म्हणजे कधी संक्रांतीला तर कधी शिमग्याला. मधले जून ते सप्टेंबर हे चार महिने काम भरपूर आणि खातं कोरडं. खर्च मात्र नेमके तेव्हाच तोंड वर काढतात. शाळेची फी आणि वह्या-पुस्तकं, पावसाआधीची घराची शाकारणी, भाताच्या लावणीची मजुरी आणि मग गणपती. गणपतीला मुंबईहून दोन्ही काकांची कुटुंबं येतात आणि पंधरा-सोळा पानं उठतात. कंत्राटी शिक्षिकेचा पगारही जूनमध्ये वेळेवर येईल याचा भरवसा नाही.

हा खड्डा साधारण ऐंशी-नव्वद हजारांचा. सलग दोन वर्षं आईच्या पाटल्या जुलैत तारण म्हणून बँकेत गेल्या आणि डिसेंबरात सोडवून आणल्या.

२०२२ च्या पावसाळ्यानंतर तो माझ्याकडे आला तेव्हा त्याने यातलं काही सांगितलं नाही. म्हणाला, "कामाच्या जोडीला काहीतरी पॅसिव्ह इन्कम हवं. मी झोपलेलो असलो तरी येत राहील असं." किती हवं, हे त्याच्याकडे तयार होतं: वर्षाला एक लाख. कुठल्या महिन्यात हवं, हा प्रश्न त्या बैठकीत निघालाच नाही. पुढची दोन वर्षं त्या प्रश्नाभोवतीच फिरली.

समोरचे पर्याय

हाताशी चार लाखांची शिल्लक होती, पुण्याच्या नोकरीतली.

ती पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ठेवायची, हा सर्वांत सोपा मार्ग. तेव्हा व्याजदर ६.७ टक्के होता, म्हणजे महिन्याला जेमतेम सव्वादोन हजार. यावर तो हसला. हसण्यासारखंच होतं म्हणा, पण खऱ्या अर्थाने काही न करता पैसे देणारा यादीतला तो एकच पर्याय होता.

दुसरा पर्याय बागेचा. वडील गेल्यापासून कलमं दरवर्षी तोंडी बोलीवर एका ओळखीच्याला दिली जात आणि तो ठरवेल ते पैसे मिळत. ती स्वतः करायची आणि पेट्या थेट पुण्याच्या गिऱ्हाइकांना पाठवायच्या, असा त्याचा विचार होता. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून "खात्रीचा देवगड-रत्नागिरी" मागणारं शहरी गिऱ्हाईक वाढलं आहे, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. धाकटे काका मात्र विरोधात होते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं ते ऐन तोडणीत, आणि कित्येकांचा आंबा जमिनीवर आला. आपण केली तर असा फटका आपल्याला बसेल, बाग दिली तर घेणाऱ्याला, एवढं साधं त्यांचं गणित होतं.

तिसरा, तयार डिझाइनं विकायची. लग्नपत्रिका, वास्तुशांती, सत्यनारायणाचं आमंत्रण यांचे साचे एकदा करून ठेवायचे आणि ते पुन्हा पुन्हा विकले जातील.

चौथा होमस्टे. पर्यटन विभागाची निवास व न्याहारी योजना आहे, समुद्र दहा मिनिटांवर, घर जुन्या पद्धतीचं. शेजारच्या गावातल्या दोघांचं चांगलं चाललेलं दिसत होतं, आणि दिसत होतं याला अशा निर्णयांत फार वजन असतं.

त्याने पोस्ट सोडून बाकी तिन्ही एकदम हातात घेतली.

पहिला निर्णय: होमस्टे

गोठ्याची एक खोली आणि घराची बाजूची पडवी, अशा दोन खोल्या तयार केल्या. कमोड, शोषखड्डा, पलंग, इन्व्हर्टर, पाण्याची जादा टाकी मिळून तीन लाख वीस हजार गेले. नोंदणीसाठी मालकीचे कागद लागतात, म्हणून काकांच्या संमतीचा विषय निघाला. थोरल्या काकांनी फोनवर "कर रे, तुझंच घर आहे" म्हटलं. लेखी मागायला याला संकोच वाटला आणि नोंदणी लांबणीवर पडली.

दर ठेवला न्याहारीसकट रात्रीला अठराशे. २०२२ च्या नोव्हेंबरात पहिले पाहुणे आले आणि नाताळात दोन्ही खोल्या भरल्या. अभिप्रायांत आईच्या घावण्यांचं कौतुक सगळ्यांत जास्त.

त्या घावण्यांमागे काय होतं ते मी एकदा मुक्कामाला असताना पाहिलं. आदल्या रात्री तांदूळ भिजत घालायचे, पहाटे पाचला उठून वाटायचे, बिडाच्या तव्याला नारळाच्या शेंडीने तेल लावायचं आणि एकेक घावन काढायचं. पाहुणे उठणार साडेनऊला, त्यांना गरम हवं. म्हणजे पुन्हा चूल. मध्ये चादरी भिजवायच्या, त्या वाळल्या नाहीत तर पुढच्या पाहुण्यांचं काय याची काळजी. डिझायनर तेव्हा आतल्या खोलीत एका मुखपृष्ठावर काम करत होता आणि मला म्हणाला, "बघा, मी माझं काम करतोय आणि खोली कमावतेय." त्याच्या बाजूने ते अगदी खरं होतं.

मे महिना

२०२३ चा मे हा या प्रकरणातला निर्णायक महिना. घरातली सगळी उत्पन्नं त्याच एका महिन्यावर येऊन आदळली.

पर्यटक मेमध्ये येतात. आंबा मेमध्ये उतरतो. लग्नपत्रिकांची घाईची कामं मेमध्ये. सुट्टीला काकांची कुटुंबं येतात तीही मेमध्येच. आणि कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडत असला तरी विहिरी तळ गाठतात त्या मेमध्ये. घरची माणसं दोन बादल्यांत आंघोळ उरकत होती आणि पाहुणे समुद्रावरून आले की अर्धा-अर्धा तास शॉवरखाली. तिसऱ्या आठवड्यात टँकर मागवावा लागला.

ओटीवर पेंढा पसरलेला, तयार होत आलेला आंबा, रिकामे खोके. कुरियरची गाडी चुकली म्हणून सहा पेट्या एक दिवस पडून राहिल्या आणि त्यातल्या दोन पुण्यात डागाळलेल्या पोचल्या. त्याच दिवशी पडवीतल्या पाहुण्यांनी रात्री बारापर्यंत गाणी लावली. डोंबिवलीचे काका माजघरात झोपले होते. सकाळी त्यांनी चहा घेता घेता शांतपणे विचारलं, "म्हणजे आता मे महिन्यात आम्ही आमच्याच घरात पाहुणे?"

तोंडी संमती त्या चहाबरोबर संपली. आईची कंबर त्याच आठवड्यात धरली. एका प्रकाशकाचं काम चार दिवस उशिरा गेलं, आणि तो प्रकाशक वर्षाला लाखभर रुपयांचं काम देणारा होता.

जूनमध्ये पाऊस लागला. खोल्या रिकाम्या, बुकिंग बंद. खात्यात मेचे पैसे होते, ते टँकर, शाकारणी आणि फीमध्ये गेले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाटल्या पुन्हा बँकेत गेल्या.

हिशेब

पाटल्यांच्या कर्जाचे कागद घेऊन तो आला तेव्हा आम्ही हंगामाचा हिशेब मांडला. सुमारे नव्वद रात्री खोल्या भरल्या होत्या, म्हणजे एक लाख बासष्ट हजार. बुकिंगचं कमिशन, न्याहारीचं सामान, धुलाई, वीज, टँकर, मदतीला येणाऱ्या बाईंची मजुरी वजा जाता नव्वद हजार उरले. त्याला हवे होते जवळपास तेवढेच.

मग मी त्याला विचारलं, फोन, चावी, बाजार, गाडी कुठे लावायची हे सांगणं, यात आठवड्याला किती तास जात होते? तो म्हणाला, दहा तरी. अठ्ठावीस आठवड्यांचे दोनशे ऐंशी तास. डिझाइनच्या कामाला त्याला तासाला साडेतीनशे सुटतात. म्हणजे अठ्ठ्याण्णव हजारांचा वेळ देऊन नव्वद हजार मिळवले होते. आईचे तास यात धरलेलेच नाहीत. ते विचारले तेव्हा तो गप्प झाला, आणि मीही पुढे ताणलं नाही.

कागदाच्या दुसऱ्या बाजूला बारा महिन्यांचे रकाने पाडून येणं-जाणं लिहिलं. नवीन तिन्ही उत्पन्नं, होमस्टे, आंबा आणि पत्रिकांचे साचे, मार्च ते मे या रकान्यांत दाटीने बसली होती. जून ते सप्टेंबर पूर्वीसारखेच रिकामे. उत्पन्नाचे स्रोत वेगवेगळे असले म्हणजे जोखीम विभागली जाते हे पाठ्यपुस्तकात ठीक आहे. ते सगळे एकाच ऋतूवर जगणारे असतील तर विभागणी फक्त नावापुरती.

काय बदललं

पहिली बदलली ती बाग. ऑक्टोबर २०२३ मध्ये पंचेचाळीस कलमं तीन वर्षांच्या लेखी करारावर दिली, वर्षाला पंचावन्न हजारांना. व्यापाऱ्याची नेहमीची पद्धत म्हणजे काही रक्कम करारावर आणि उरलेली आंबा विकल्यावर. इथे दोन हप्ते ठरले: पंचवीस हजार ऑक्टोबरात आणि तीस हजार पुढच्या १ जुलैला. उशिरा द्यायला मिळतात म्हणून व्यापारी खूश, आणि याला हवे तेव्हा मिळतात म्हणून हा. पैशांचे तीन वाटे होतात. थोरल्या काकांनी आपला वाटा गणपतीच्या खर्चाला ठेवायला सांगितलं. संमती यावेळी स्टँपपेपरवर घेतली. कोणालाही वाईट वाटलं नाही, उलट धाकटे काका म्हणाले, "हे आधीच करायला हवं होतंस."

दुसरी बदलली खोली. गोठ्याचे दोन भाग करून वेगळं न्हाणीघर बांधलं, आणखी साठ हजार खर्चून. एका भागात बदली होऊन आलेला बँकेचा कर्मचारी राहतो, दुसऱ्यात शिक्षक जोडपं. प्रत्येकी चार हजार. होमस्टेच्या तुलनेत भाव कमी वाटतो, पण अकरा महिन्यांचे अठ्ठ्याऐंशी हजार होतात आणि जुलैचे आठ हजार जुलैतच येतात. करार नोटरीवर भागवायचा त्याचा विचार होता. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी बंधनकारक आहे, तेव्हा तो नोंदवूनच केला. भाडेकरू गोठ्यात असल्यामुळे घर मेमध्ये घरच्यांना मोकळं.

तिसरा बदल मला सर्वांत आवडलेला. पत्रिकांचे साचे एकशे नव्याण्णव रुपयांना विकायचा त्याचा प्रयोग पहिल्याच हंगामात बसला होता. चार लोकांनी घेतले आणि चाळीस व्हॉट्सॲप ग्रुपांवर ते फुकट फिरले. नावं बदलून घ्या, इतकं सोपं. आता त्याने गिऱ्हाईकच बदललं. चिपळूण, गुहागर, दापोली, खेड इथल्या फ्लेक्सवाल्यांना वर्षाची वर्गणी लावली, चार हजार, जूनमध्ये आगाऊ. त्यात आषाढी, गुरुपौर्णिमा, दहीहंडी, गणपती, नवरात्र यांची बॅनरं तयार मिळतात. फ्लेक्सवाल्याला फाईल फुकट मिळण्यापेक्षा ती आदल्या आठवड्यात आणि न बिघडता मिळणं जास्त मोलाचं असतं. यातली खरी कटकट अक्षरांची निघाली. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोड मराठीची जोडाक्षरं तुटतात. 'श्री'च फुटला तर गणपतीचं बॅनर काय करायचं? म्हणून तो दोन फाईली देतो. एकीत शीर्षकं वळणरेषांत बदललेली, तुटणार नाहीत अशी; दुसरीत नावं बदलता येतील असा मजकूर. फॉन्ट 'मुक्ता' आणि 'बालू'सारखे मुक्त परवान्याचे, म्हणजे दुकानदाराला देताना कायद्याची अडचण नाही. पहिल्या जूनमध्ये नऊ दुकानं आली, पुढच्या वर्षी चौदा. चौदाचे छप्पन्न हजार होतात आणि ते नेमके जूनमध्ये येतात.

हे पॅसिव्ह नाही. एप्रिल-मेच्या रात्री बसून बॅनरं करावी लागतात. पण ते त्याचं स्वतःचं काम आहे, घरातल्या दुसऱ्या कोणाच्या कंबरेवर ते उभं नाही.

आजची स्थिती

२०२४ आणि २०२५ या दोन्ही पावसाळ्यांत पाटल्या घरातच राहिल्या. होमस्टे पूर्ण बंद झालेला नाही. पडवीची खोली नोव्हेंबर ते फेब्रुवारी दिली जाते, नोंदणीही काकांच्या संमतीपत्रावर मार्गी लागली. पाहुणे घ्यायचे की नाही हे आई ठरवते आणि पैसे थेट तिच्या खात्यात जातात. हा बदल सुनेने सुचवला. परिणाम गमतीचा झाला. ज्या आईने मेमध्ये एकालाही नाही म्हटलं नव्हतं, तिने पहिल्याच महिन्यात न्याहारीचे वेगळे पैसे लावले, घावणे फक्त साडेआठपर्यंत मिळतील असं ठरवलं, आणि दहा जणांचा एक ग्रुप परस्पर फोनवर परतवला. "एवढ्यांचं मला होत नाही," असं तिने त्यांना सरळ सांगितलं.

कराच्या बाजूने प्रत्येक पैशाची जात वेगळी आहे, आणि सुरुवातीला त्याने सगळे एकाच खात्यात कालवले होते. बागेच्या कराराचे पैसे शेती उत्पन्न म्हणून करमुक्त, पण बाकीच्या उत्पन्नाचा दर ठरवताना ते मोजले जातात. गोठ्याचं भाडं घरापासूनच्या उत्पन्नात जातं आणि त्यावर तीस टक्के सरसकट वजावट मिळते. पडवीचे पैसे आईचे व्यवसाय उत्पन्न. आणि ठरावीक टक्के नफा धरून कर भरू देणारं १९६१ च्या आयकर कायद्यातलं ४४एडीए हे कलम वकील-डॉक्टरांसारख्यांसाठी आहे, डिझाइन त्याच्या यादीत सरळ बसत नाही, हे त्याला पटायला वेळ लागला. मित्राने ऐकीव माहितीवर तसंच भरायला सांगितलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

बारा महिन्यांचा तक्ता आधी मांडला असता तर तीन लाख वीस हजार एका दमात खोल्यांत गेले नसते. गोठ्याचं काम थोड्यात करून भाडेकरू ठेवता आला असता आणि उरलेले आईच्या नावे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकता आले असते. तिथे २०२२ च्या ऑक्टोबर-डिसेंबरात ७.६ टक्के मिळत होते आणि व्याज तिमाहीला येतं, त्यातला एक हप्ता १ जुलैला. दोन लाखांवर तिमाहीचे तीन हजार आठशे. रक्कम लहान आहे, पण त्यासाठी कोणाला पहाटे उठावं लागत नाही.

काकांची संमती पहिल्या दिवशी लेखी घ्यायला हवी होती. कोकणात सामाईक घरात भाऊबंदांकडे कागद मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं समजलं जातं; प्रत्यक्षात कागद झाल्यावरच त्या घरातलं बोलणं मोकळं झालं.

एका बाबतीत माझं आणि त्याचं अजून जमत नाही. त्याच्या मते होमस्टेचं वर्ष वाया गेलं. माझ्या मते इन्व्हर्टर, टाकी आणि आईने स्वतःचे नियम लावणं हे त्या वर्षाशिवाय झालं नसतं. तिला विचारलं तर ती म्हणते, टँकरचे पैसे तेवढे वाया गेले.

पुढचा करार

बागेचा करार या हंगामानंतर संपतो. व्यापाऱ्याला पुढचा करार पाच वर्षांचा हवा आहे आणि त्यासाठी तो एक लाख आगाऊ द्यायला तयार आहे, तेही जूनमध्ये. रोकड बघता होकार द्यावा असा प्रस्ताव आहे. अडचण कल्टार या संजीवकाची. झाड लवकर मोहरावं म्हणून पावसाळ्यात ते मुळाशी देतात, आणि लवकरचा आंबा म्हणजे वाशीच्या बाजारात चढा भाव. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस झाडाच्या विस्ताराच्या दर मीटरला ०.७५ ग्रॅम क्रियाशील घटक अशी आहे. मुदतीवर बाग घेणारा हात सैल सोडतो अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते, कारण झाड दमतं तोवर त्याची मुदत संपलेली असते. म्हणून मात्रा, खताचा खर्च कोणाचा आणि शेवटच्या वर्षी कल्टार अजिबात नाही, असं एक कलम मसुद्यात घातलं आहे. दोन्ही काकांनी त्यावर सही केली. व्यापाऱ्याचं म्हणणं, बाकी सगळं मान्य, तेवढं कलम काढा आणि मी आगाऊ रक्कम सव्वा लाख करतो.